पिट्यूटरीची ती आकृती आणि तिच्यात नसलेलं घड्याळ

गायीच्या प्रजननावरचं कुठलंही पुस्तक, कुणाच्याही नोट्स किंवा कुठल्याही प्रबंधाचं पहिलं प्रकरण उघडा, एक आकृती सापडणारच. वर हायपोथॅलॅमस, त्याखाली पिट्यूटरी (शाळेत आपण तिला पीयूषिका म्हणायचो), त्याखाली अंडाशय. वरून खाली येणारे बाण म्हणजे जीएनआरएच, मग एलएच आणि एफएसएच. खालून वर जाणारे बाण म्हणजे इस्ट्राडायॉल, प्रोजेस्टेरॉन, इनहिबिन. काही बाणांवर अधिक, काहींवर उणे. परीक्षेत ही आकृती नीट काढली की पाचपैकी साडेचार मार्क कुठे जात नाहीत.

आज मला या आकृतीचीच समीक्षा करायची आहे. ती चूक आहे असं माझं म्हणणं नाही. तिच्यातला एकेक बाण खरा आहे, आणि त्यातल्या प्रत्येकामागे कुणाची तरी दहा-वीस वर्षं गेली आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. ही आकृती बघून आपण जे प्रयोग आखतो ते फसतात, आणि वाईट म्हणजे फसले आहेत हे कळतही नाही. माझा एक असाच फसला, तेव्हा आधी तोच सांगते.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी माझ्याकडे २४ संकरित गायी होत्या. दोन गट केले: निम्म्यांच्या अंडाशयावर चांगलं पीतपिंड होतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉन भरपूर, आणि निम्म्या माजाच्या आसपास, म्हणजे प्रोजेस्टेरॉन जवळपास नाहीच. प्रश्न सरळ होता. आकृतीत प्रोजेस्टेरॉनकडून वर उणे चिन्हाचा बाण जातो, तर पहिल्या गटात एलएच कमी दिसायला हवं. सकाळची धार काढून झाल्यावर प्रत्येक गायीच्या मानेच्या शिरेतून एकदा रक्त घेतलं, सीरम वेगळं केलं, एलएचचा किट लावला. प्रोजेस्टेरॉनमध्ये दोन गटांचा फरक लख्ख दिसला. एलएचमध्ये काहीच नाही. मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहून टाकलं की स्थानिक संकरित गायींमध्ये प्रोजेस्टेरॉनचा एलएचवरील प्रतिबंधक परिणाम आढळला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी ते वाक्य बोटाने दाखवलं आणि विचारलं, "हे रक्त किती वाजता घेतलंस?" मी म्हणाले, सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान. "आणि त्याच गायीचं पंधरा मिनिटांनी परत घेतलं असतंस तर?" मला उत्तर आलं नाही. खरं तर प्रश्नच कळला नव्हता.

हा प्रश्न समजून घ्यायचा तर १९७८ पर्यंत मागे जावं लागतं. जीएनआरएच हा दहा अमिनो आम्लांचा छोटा रेणू १९७१ पर्यंत हाती आला होता. शॅली यांच्या गटाने डुकरांच्या आणि गियमँ यांच्या गटाने मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून तो काढला. दोघांना १९७७ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी दुसरा अर्धा वाटा रोझलिन यॅलो यांना गेला, रक्तातली अतिसूक्ष्म संप्रेरकं मोजायच्या रेडिओइम्युनोअॅसे पद्धतीसाठी. रेणू मिळाला, मोजायची पद्धत मिळाली, आता काम संपलं असंच कुणालाही वाटलं असतं. पण अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने ऱ्हीसस माकडांवर एक प्रयोग केला. माकडांच्या हायपोथॅलॅमसचा जो भाग जीएनआरएचसाठी लागतो तो निकामी केला आणि बाहेरून जीएनआरएच द्यायला सुरुवात केली. सलग, न थांबता दिलं तेव्हा एलएच आणि एफएसएच दोन्ही खाली आले. तेच जीएनआरएच तासातून एकदा, सहा मिनिटं दिलं तेव्हा दोन्ही परत वर आले.

थोडं थांबून बघा. रेणू तोच, पिट्यूटरी तीच. बाणही तोच, अधिक चिन्हाचा. सलग दिला तर त्याचा अर्थ उणे होतो! आकृतीत हे दाखवायला जागाच नाही, कारण आकृतीत वेळ नाही. पिट्यूटरीच्या पेशी जीएनआरएच किती आलं यापेक्षा किती वेळाने आलं हे जास्त ऐकतात. पुढे त्याच गटाने दाखवलं की ठोके विरळ केले, म्हणजे तीन तासांतून एक, तर एलएचच्या तुलनेत एफएसएचचं पारडं जड होतं. म्हणजे एका बाणातून दोन वेगळ्या सूचना जातात, आणि फरक फक्त लयीचा.

गायींत याचा पुरावा हवा असेल तर तो उलट्या बाजूने मिळतो. ऑस्ट्रेलियात डेस्लोरेलिन नावाच्या जीएनआरएचसारख्या औषधाचं रोपण गायींच्या कातडीखाली करून पाहिलं गेलं. औषध सलग झिरपत राहतं, एलएचची मोठी लाट येणंच बंद होतं आणि गाय गाभण राहत नाही. उत्तेजक म्हणून ओळखलं जाणारं औषध तिथे गर्भनिरोधक ठरलं.

आता माझ्या २४ गायींकडे वळू. गायीत पीतपिंड कामात असताना एलएचचा ठोका साधारण तीन-चार तासांतून एकदा पडतो. पीतपिंड विरघळलं आणि माज जवळ आला की ठोके जवळजवळ तासाला एक होतात, पण ते लहान असतात. समजा एका ठोक्याचा परिणाम रक्तात तासभर दिसतो असं धरलं, तर पहिल्या गटातल्या गायीच्या रक्तात तो सापडण्याची शक्यता चारात एक. सापडला तर आकडा मोठा, कारण विरळ ठोके उंच असतात. नाही सापडला तर तळाचा आकडा. अशा बारा गायींची सरासरी म्हणजे बारा वेळा चिठ्ठी काढण्यासारखं. माझ्या सांख्यिकीने फरक नाही म्हटलं ते बरोबरच होतं. मी जे मोजलं त्यात फरक नव्हताच. प्रोजेस्टेरॉनचं उणे चिन्ह मुख्यतः ठोक्यांच्या अंतरावर काम करतं, आणि अंतर एका नमुन्यात मोजता येत नाही. एकाच फोटोवरून नाडी किती पडते ते सांगा म्हणण्यासारखं झालं ते.

बरोबर करायचं तर दर पंधरा मिनिटांनी आठ तास रक्त घ्यावं लागलं असतं. एका गायीचे ३३ नमुने, २४ गायींचे ७९२. दुबार विहिरी आणि मानकं धरून एका प्लेटवर ४० नमुने बसले तरी २० प्लेटा. एमएस्सीच्या कंटिन्जन्सीत हे बसत नाही, ठाऊक आहे. पण बसत नाही म्हणून एका नमुन्यावर तोच निष्कर्ष काढायचा, हे मात्र कुठल्याच नियमात बसत नाही.

आकृतीबद्दलची दुसरी तक्रार जरा नाजूक आहे. तिच्यावर "गाय" असं लिहिलेलं असतं, पण ती गाय बऱ्याच प्राण्यांची मिळून बनलेली आहे. ठोक्यांचं तत्त्व माकडाचं. हायपोथॅलॅमसमधून पिट्यूटरीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतलं रक्त प्रत्यक्ष गोळा करून जीएनआरएचचा ठोका आणि एलएचचा ठोका जोडीने पडतो हे दाखवलं ते मेंढ्यांत, क्लार्क आणि कमिन्स यांनी, १९८२ साली. गायीचा खास वाटा इनहिबिनच्या बाणात आहे: १९८५ मध्ये हे प्रथिन शुद्ध करण्यात आलं ते गायींच्या पुटिकांतल्या द्रवातून.

मिसळ करण्यात गैर काहीच नाही, जोपर्यंत कुठे चालते आणि कुठे नाही हे माहीत असतं. जीएनआरएचचा रेणू डुक्कर, मेंढी आणि गायीत एकच आहे, तिथे उसनवारी बिनधास्त करा. पण माजाच्या सुमारास इस्ट्राडायॉल उणेवरून अधिकवर उलटतं आणि एलएचची लाट आणतं, ते नेमकं कुठे काम करून? माकडांच्या कामावरून नोबिल यांचं म्हणणं होतं की जीएनआरएच नेहमीच्या ठोक्याने चालू राहिलं तरी पुरे, इस्ट्राडायॉल पिट्यूटरीवरच काम करून लाट आणू शकतं. मेंढीत मात्र जीएनआरएचचीच मोठी लाट आधी दिसते. गायींत टेक्सासमधल्या एका गटाने मेंदूच्या तिसऱ्या निलयातल्या द्रवात जीएनआरएच मोजलं, आणि इस्ट्राडायॉल दिल्यावर तिथेही लाट दिसली. म्हणजे गाय इथे मेंढीच्या बाजूची आहे. आकृतीत इस्ट्राडायॉलचा अधिक बाण कधी हायपोथॅलॅमसला जातो, कधी पिट्यूटरीला, कधी दोघांना. चित्र काढणाऱ्याने शेवटचं कुठलं पुस्तक वाचलं त्यावर ते ठरतं, असा माझा वहीम आहे.

आता एक गोष्ट या आकृतीच्या बाजूने. प्रोजेस्टेरॉनचा बाण अर्धवट समजला तर काय होतं, याचं एक उत्तम उदाहरण गायींच्याच संशोधनात आहे, आणि ते वाचल्यावर मला ही आकृती पुन्हा आवडायला लागली. गायीचा माज लांबवायला योनीत प्रोजेस्टेरॉनचं उपकरण ठेवतात. प्रोजेस्टेरॉन आहे, म्हणजे उणे, म्हणजे एलएच दबलेलं, असं समीकरण. पण गायीचं स्वतःचं पीतपिंड नसेल तर एकट्या उपकरणातून रक्तात येणारं प्रोजेस्टेरॉन पीतपिंडाच्या मानाने कमीच पडतं. ते एलएचची मोठी लाट अडवायला पुरतं, ठोके विरळ करायला पुरत नाही. मग ठोके तासाला एकाच्या आसपास चालू राहतात, मोठी पुटिका मरत नाही, दिवसेंदिवस तशीच वाढत राहते आणि आतलं बीजांड म्हातारं होतं. उपकरण काढलं की गाय छान माजावर येते, रेतन होतं, आणि गाभण राहत नाही. त्याच उणे चिन्हाच्या दोन पायऱ्या आहेत आणि दोन्हींना लागणारी मात्रा वेगळी. "आहे" किंवा "नाही" असा बाण काढून हे कळणार नव्हतं. माज दिसला म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्या कित्येक जुन्या प्रयोगांचं कोडं या एका निरीक्षणाने सुटलं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने बघा. गाय उलटली की २१ दिवस गेले. दोनदा उलटली की दीड महिना भाकड खाद्य. रेतनाचा खर्च त्यात किरकोळ, मुख्य नुकसान न मिळालेल्या दुधाचं. त्यामुळे पिट्यूटरीला कुठल्या दिवशी काय सांगायचं, हा विषय प्रयोगशाळेतच राहणारा नाही.

आपल्याकडच्या फील्ड पेपर्सवर आता थोडं बोलते. इथे माझा सूर जरा कडक होईल. १९९५ मध्ये पर्सली, मी आणि विल्टबँक यांनी ओव्हसिंक मांडलं (हा "मी" म्हणजे मी नव्हे, आडनाव आहे). पहिल्या दिवशी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच, आणि मग ठरलेल्या वेळी रेतन. माज बघायची गरज नाही. ही पद्धत खरोखर सुंदर आहे, कारण तिने आकृतीत नसलेलं घड्याळ आणून बसवलं. इंजेक्शननंतर साधारण दोन तासांत एलएच शिखरावर जातं आणि २४ ते ३२ तासांत बीजमोचन होतं.

पण पहिल्या इंजेक्शनला सगळ्या गायींत बीजमोचन होत नाही. अनेक पेपर्समध्ये अशा गायींबद्दल लिहिलेलं असतं की त्यांच्या पिट्यूटरीने प्रतिसाद दिला नाही. कशावरून? एलएच मोजलेलंच नसतं! सोनोग्राफीत पुटिका फुटलेली दिसली नाही, एवढंच हाती असतं. चक्राच्या पाचव्या ते नवव्या दिवशी इंजेक्शन दिलं तर जवळपास सगळ्या गायींत बीजमोचन होतं, पहिल्या चार दिवसांत फारच थोड्यांत. त्या पहिल्या दिवसांत पिट्यूटरी एलएच सोडते, पण अंडाशयावरची पुटिका अजून लहान असते. साधारण १० मिलिमीटर होईपर्यंत ती एलएचला फुटूनच दाखवत नाही, कितीही दिलं तरी. म्हणजे दोष लावला पिट्यूटरीवर, अडचण होती अंडाशयात. दुसऱ्या बाजूने, प्रोजेस्टेरॉन खूप जास्त असताना तेच इंजेक्शन दिलं तर एलएचची लाट खरंच लहान येते. तिथे पिट्यूटरीला बोल लावायला हरकत नाही. हे दोन प्रकार एकाच रकान्यात "प्रतिसाद नाही" म्हणून टाकले की पुढचं सगळं विश्लेषण वाया जातं. पेपर वाचताना साहित्य व पद्धतीच्या भागात एवढंच शोधा: प्रतिसाद म्हणजे नक्की काय मोजलं? माझा अनुभव असा की अर्ध्या वेळा चर्चेच्या भागातला शब्द आणि पद्धतीतला शब्द जुळत नाहीत.

किटबद्दल एक परिच्छेद लिहायलाच हवा, कारण ही चूक सगळ्यात स्वस्तात टळते. प्रोजेस्टेरॉन हा स्टेरॉइड रेणू माणसात आणि गायीत अगदी एकच आहे. म्हणून माणसाच्या किटवर गायीचं प्रोजेस्टेरॉन मोजता येतं, सीरममधल्या इतर घटकांचा अडथळा तपासून घेतला की झालं. एलएच हे प्रथिन आहे. त्याच्या दोन साखळ्यांपैकी अल्फा साखळी एकाच प्राण्यात एलएच, एफएसएच आणि टीएसएच तिघांत समान असते. ओळख ठरते ती बीटा साखळीवर, आणि बीटा साखळी प्राण्यागणिक बदलते. माणसाच्या एलएचवर बनवलेली प्रतिपिंडं गायीचं एलएच ओळखतीलच याची खात्री नाही. किट मात्र आकडा देतोच. शून्य सहसा देत नाही, आणि तिथेच आपण फसतो. माझा किट कुठल्या प्राण्याचा होता हे मी प्रबंधात लिहिलं नव्हतं. नंतर खोक्यावर बघितलं. काय होतं ते तुम्ही ओळखलं असेलच.

मग विद्यार्थ्याने करायचं काय, २० प्लेटांचे पैसे नसताना? माझं मत असं की नमुने कमी असतील तर प्रश्न बदला. एका नमुन्यात ज्याचं उत्तर मिळतं असे प्रश्न आहेत. पीतपिंड काम करतंय की नाही, हे एका प्रोजेस्टेरॉनवरून सांगता येतं. १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरची रेष त्यासाठीच वापरतात. पिट्यूटरीत सोडण्याजोगं एलएच किती आहे हे बघायचं असेल तर जीएनआरएच द्या आणि ०, १, २, ३, ४ तासांना रक्त घ्या. पाच नमुन्यांत काम होतं, कारण इथे घड्याळ तुम्ही सुरू करता, गायीच्या ठोक्याची वाट बघावी लागत नाही. त्याच गायीला पीतपिंड असताना एकदा आणि नसताना एकदा असं केलं तर सहा गायींतही काही बोलता येतं. मात्र हा प्रयोग ठोक्यांच्या अंतराबद्दल काही सांगत नाही. तसा दावा केला तर ती परीक्षक मॅडम पुन्हा भेटतील.

आकृतीला बाकी सगळं माफ केलं तरी एक गोष्ट तिच्यात यायलाच हवी असं मला वाटतं, ती म्हणजे वासरू. व्यायल्यानंतर वासराला पाजणारी गाय महिनोन्महिने माजावर येत नाही, हे गोठ्यातल्या कुणालाही ठाऊक आहे. आपण पुस्तकी भाषेत लिहितो की सडांच्या उत्तेजनाने जीएनआरएचचे ठोके दबतात. पण टेक्सासमध्येच विल्यम्स यांच्या गटाने दाखवलं की नुसत्या सडांनी हे होत नाही. कासेच्या नसा तोडल्या तरी स्वतःचं वासरू जवळ असलं की एलएच दबलेलं राहतं. परकं वासरू प्यायलं तर तसं होत नाही. आणि गायीला दिसणं आणि वास येणं दोन्ही बंद केलं, म्हणजे आपलं वासरू ओळखताच आलं नाही, तर पाजूनही एलएच वर येतं. म्हणजे पिट्यूटरीला जाणाऱ्या ठोक्याचा वेग ठरवण्यात "हे माझं आहे" ही ओळखही भाग घेते.

हे वाचल्यावर मी पहिल्यांदा गोठ्यात वही घेऊन गेले. आमच्या भागात पान्हा सुटावा म्हणून वासरू आधी लावतात, मग बाजूला ओढून धार काढतात. एका काकांना विचारलं, वासरू दिवसभर जवळ बांधता की लांब? ते म्हणाले, "पहिले दोन महिने जवळ, मग लांब, म्हणजे लवकर माजावर येते." माझ्या पुढच्या प्रयोगातला पहिला गट तिथेच ठरला: वासरू जवळ, दिसेल असं, वासरू लांब, भिंतीपलीकडे, आणि दोन्हींत जीएनआरएच देऊन पाच नमुने. पाजण्याच्या वेळा मात्र घड्याळ लावून नोंदवायच्या आहेत. ते काम सध्या काकांची बारावीतली मुलगी करते, आणि तिची वही माझ्या वहीपेक्षा नीट आहे.